किल्लेदाराचं एक वाक्य

सर, दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भात ठेवणारा माणूस मागं सरकला नाही तोवर शिवला. सांगवीच्या घाटावर जमलेली सगळी मंडळी मोकळी झाली. सरांची कसली इच्छा राहिली नव्हती, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. मला तुमचा आवाज ऐकू आला. कावळ्याला भूक लागली होती एवढंच वाचा, बाकीचं तुम्ही पदरचं घालताय, असं तुम्ही म्हणाला असतात. जन्मभर तुम्ही आम्हाला हेच शिकवलंत, की संहितेत नाही ते घालायचं नाही. आणि एका पोराच्या बाबतीत तुम्ही स्वतः तेच केलंत. ते मला त्याच घाटावर कळलं, तुम्ही गेल्यावर दहा दिवसांनी. म्हणून हे लिहायला बसले आहे.

शाळेतल्या शोकसभेत नव्या मुख्याध्यापकांनी तुम्हाला प्रेमळ म्हटलं. ते तुम्हाला कधी भेटलेच नव्हते, त्यामुळं त्यांना माफ. तुम्ही प्रेमळ नव्हता. वडगाव निंबाळकरच्या त्या पत्र्याच्या वर्गात तुम्ही मराठीचं पुस्तक उघडायचात तेव्हा आम्ही पुढच्याच्या पाठीआड लपायचो. 'पात्र काय बोलतं ते मला सांगू नका, ते छापलेलंच आहे. बोलायच्या आधी ते कुणाकडं बघतं ते सांगा,' असं तुम्ही म्हणायचात. उसाच्या घरातली, मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या घरातली आम्ही पोरं. आम्हाला कुणी असं काही विचारलेलं नव्हतं. उत्तर चुकलं की तुम्ही मारत नव्हता. फक्त त्या पोराकडं असं बघायचात, की त्यापेक्षा छडी बरी.

नववीत मी तुमच्याकडं नाटकात काम मागायला आले. तुम्ही मला दोन पानं वाचायला लावलीत, शेवटपर्यंत ऐकलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, 'मंगल, तुला वाचता येतं, उभं राहता येत नाही. तू स्टेजवर आलीस की लोकांना वाटेल, कुणीतरी खुर्ची ठेवायला आलंय.' पोरं हसली. मी घरी जाऊन गोठ्यात बसून रडले. पण वाचता येतं हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. ते धरून मी बारामतीला जाऊन शिकले, शेळगावला दिल्यावरही शिकत राहिले, आणि आज इंदापूरच्या कॉलेजात मी नाटक शिकवते. ज्या वाक्यानं मला रडवलं त्याच वाक्यावर माझं पोट भरतं. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला तुम्ही असतानाही कळलं नाही.

तुमचे सोमवार आठवतात. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा, आणि सोमवारी सकाळी डेअरीच्या ओट्यावर दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून तुम्हाला विचारायची, सर, कालचा कसा वाटला. एकदा सूडाचा सिनेमा झाला होता. नायक शहरातून परत येतो आणि बापाला मारणाऱ्या सावकाराला चौकात लोळवतो, तसला. सगळे मारामारीचं कौतुक करत होते. तुम्ही विचारलंत, बापाला मारत होते तेव्हा गाव कुठं होतं? कुणाला आठवेना. तुम्ही सांगितलंत, की गाव दारं लावून आत बसलं होतं, पडद्यावर बारा दारं दिसतात आणि बाराही बंद आहेत. 'हा सिनेमा सावकाराचा नाही, त्या बारा दारांचा आहे. म्हणजे तुमचा आहे.' मग एका म्हाताऱ्यानं हळूच सांगितलं, की आमी तर गाण्यांसाठी बसलो होतो सर. त्यावर तुम्हीसुद्धा हसलात. तुम्ही हसलेलं मला फार थोड्या वेळा आठवतं, त्यातलं हे एक.

त्या ओट्यावर तुम्ही मोठे होतात. पण पुढं पुढं तुम्हाला माणूस आणि पात्र यांतला फरक दिसेनासा झाला. कुणाचं भांडण झालं, कुणाची सून माहेरी गेली, की तुम्ही त्याचाही अर्थ लावायला लागलात. तोही तितक्याच झोकात. लोकांना ते आवडायचं, कारण तुम्ही लावलेला अर्थ नेहमी जे घडलं त्यापेक्षा सुबक असायचा.

आता किल्लेदाराकडं येते. बावीस वर्षं आपण त्याच्यावरून भांडलो.

ते जुनं चार अंकी गद्य नाटक तुमच्या कपाटात होतं, कव्हर गेलेलं. वेढा पडलेला किल्ला, आत चारशे माणसं. किल्लेदाराचा लहानपणापासूनचा दोस्त रसद आणायला बाहेर गेलेला. तो परततो तेव्हा गनीम त्याच्या पाठोपाठ असतो. दोस्त दरवाजा ठोठावतो आहे आणि किल्लेदार आतून एकच वाक्य बोलतो, 'दरवाजा लावा.' लेखकानं त्यापुढं कंसात काही दिलेलं नाही. रागानं, दुःखानं, काही नाही. तुमचं म्हणणं होतं, की किल्लेदार भ्याला. कर्तव्याचं नाव त्यानं नंतर दिलं, आणि पुढचे दोन अंक तो स्वतःला तेच पटवत बसतो. माझं म्हणणं होतं, की आत चारशे माणसं होती. तुम्ही म्हणायचात, 'चारशे माणसं ही सबब आहे, मंगल. माणूस भ्याला की आधी मोजायला लागतो.'

ते नाटक तालुक्याच्या स्पर्धेसाठी बसवायला घेतलंत तेव्हा मी बारामतीला कॉलेजात होते आणि संध्याकाळी एसटीनं येऊन तालमीत प्रॉम्प्टिंग करायचे. किल्लेदाराचं काम तुम्ही माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला दिलंत. तो अकरावीत होता. उंच, मऊ बोलणारा, कुणी रागावलं की आधी माफी मागणारा. याला का घेतलं, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'बघशील.'

काय बघायचं होतं ते मला कळायला हवं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी दत्ता आणि त्याचा दोस्त बापू कॅनॉलवर पोहायला गेले होते. बापू बुडाला. दत्ताला काठावरून पळत जाताना उसात काम करणाऱ्या एका गड्यानं पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की दत्ता दोस्ताला सोडून पळाला. दत्ताला ताप भरला, महिनाभर तो धड बोलला नाही. आमच्या घरात ठरलं, की हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि कुणीच काढला नाही. आम्हाला वाटलं आम्ही त्याला जपतोय.

तालमीत दत्ताला ते वाक्य जमेना. वर्गाचा दरवाजा लावा म्हणावं तसं तो म्हणायचा. आठ दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. नवव्या दिवशी तुम्ही तालीम थांबवलीत, सगळ्यांना खाली बसवलंत आणि त्याला एकट्याला मध्ये उभं केलंत.

'दत्ता,' तुम्ही विचारलंत, 'बापू पाण्यात हात वर करत होता, तेव्हा तुझं तोंड त्याच्याकडं होतं की पाठ?'

हॉलमध्ये वीसेक जणं होती. दत्तानं तुमच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

'पाठ,' तो म्हणाला.

माणूस भ्याला की आधी पाठ फिरवतो, मग त्याला कर्तव्य म्हणतो, हे तुम्ही सगळ्यांना समजावून सांगितलंत आणि त्याला म्हणालात, 'मग तीच पाठ घेऊन उभा राहा. प्रेक्षकांकडं पाठ कर आणि आता म्हण.'

तो वळला आणि त्यानं ते म्हटलं. सर, ते मी विसरू शकत नाही. माझ्या हातातली संहिता खाली पडली. इतकं खरं वाक्य मी त्यानंतर कुठल्याही रंगमंचावर ऐकलेलं नाही. मला तुमचा संताप आला आणि त्याच क्षणी, मी हे आता कबूल करते, मला तुमचं कौतुकही वाटलं. मला वाटलं, अर्थ लावणं म्हणतात ते हेच.

बारामतीच्या स्पर्धेत तो पाठमोरा उभा राहिला आणि थिएटरमधल्या बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. अभिनयाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. मेकअपच्या खोलीत तो दाढी न काढता बाकावर बसला होता. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, ही पाठ विसरू नकोस. तो विसरला नाही. बारावीची परीक्षा देऊन तो हुबळीला गेला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला, तिथलाच झाला. भाऊबीजेला सकाळी येतो, जेवतो, संध्याकाळी निघतो. कॅनॉलकडच्या रस्त्यानं येत नाही, लांबून येतो. त्यानं पुन्हा कधी नाटक पाहिलं नाही. टीव्हीवर सिनेमा लागला तरी उठून बाहेर जातो.

यावरून मी तुमच्याशी किती वेळा भांडले. खरं असलं तरी चारचौघांत विचारायचं नव्हतं, असं माझं म्हणणं. खरं चारचौघांतच निघतं, एकटा माणूस स्वतःला सोडवून घेतो, असं तुमचं. मी म्हणायची, तुम्ही एका नाटकासाठी माझा भाऊ खर्ची घातलात. तुम्ही म्हणायचात, 'मी त्याला आयुष्यात एकदा खरं बोलायची संधी दिली. तुम्ही घरच्यांनी तेवढंही केलं नाही.' तेवढं खरं होतं. 'खरं असलं तरी', हे माझे शब्द बघा, सर. बावीस वर्षं मी 'खरं असलं तरी' म्हणत राहिले. खरं आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि तुमची मुलगी शैला तुम्हाला बारामतीला घेऊन आली. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी रविवारी इंदापूरहून येऊन तुम्हाला वाचून दाखवायची. चुकलं की तुम्ही डाव्या हाताचं एक बोट उचलायचात. सगळं अंग पडलं तरी ते बोट जागं होतं. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, शैला ते रुमालानं टिपत असे.

शेवटच्या रविवारी तुम्ही किल्लेदार मागितलात. मी ते पान वाचलं. बोट वर झालं. मी पुन्हा वाचलं. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा वाचल्यावर तुम्ही कसाबसा एक शब्द उच्चारलात, 'पोकळ.' तुमच्याच्यानं पाणी गिळवत नव्हतं, सर, आणि तुम्ही मला पोकळ म्हणालात. माझ्यात काहीतरी थंड झालं. मी पुस्तक मिटलं आणि ठरवलं, की तुमच्याच पद्धतीनं तुम्हाला वाचायचं.

मी तुमच्या बायकोचा विषय काढला. म्हणाले, 'काकू दवाखान्यात होत्या. तुमचा दुसरा अंक उभा राहायचा होता. ऑफिसात फोन आला तेव्हा शिपाई तुम्हाला बोलवायला आला. तुम्ही त्याला म्हणालात, फोन ठेवून दे. आणि प्रयोग संपवूनच गेलात. तोवर त्या गेल्या होत्या. नंतर तुम्ही गावभर सांगितलंत, की कलावंताचं कर्तव्य असतं. त्या वेळी तुमचं तोंड काकूंकडं होतं की पाठ, सर?'

मग मी ते वाक्य म्हटलं. 'दरवाजा लावा.'

चहा घेऊन शैला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघत होता. डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते सकाळपासूनच येत होतं. डोळ्यातलं पाणी वाचायला तुम्ही मला शिकवलंत आणि शेवटी असा डोळा दिलात, की त्यातून काही वाचता येऊ नये. मी थांबले. तुम्ही रडावं, चिडावं, मला घालवून द्यावं, काहीतरी करावं म्हणून थांबले. तुम्ही बोट उचललं नाहीत. ओठ बराच वेळ हलले आणि मग तुम्ही म्हणालात, 'आत्ता... बरोबर.'

तुम्ही मला दाद दिलीत. मी सुरी आणली होती आणि तुम्ही तिची धार वाखाणलीत. मी शैलाचा चहा न घेता निघाले. नवव्या दिवशी तिचा फोन आला, की बाबा गेले. त्या वाक्यानंतर तुम्ही माझ्याबद्दल काही बोललात का, हे मी विचारलं नाही. ती आपणहून बोलली नाही.

घाटावर भात उचलल्यावर माणसं पांगायला लागली, तेव्हा एक म्हातारी माझ्याकडं आली. बापूची आई, हिराकाकू. वडगावहून टेम्पोनं आली होती. तिच्या धाकट्या मुलीला तुम्ही फुकट शिकवून दहावीला बसवलं होतं, त्याची आठवण ठेवून. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, दत्ता आला नाही का. मी म्हणाले, तो नाही येत अशा ठिकाणी. तिनं मान हलवली. मग ती पायरीवर बसली, मलाही बसवलं, आणि तुम्ही गेलात म्हणून की स्वतःचं वय झालं म्हणून, कोण जाणे, बोलायला लागली.

'दत्ता पळाला न्हवता गं बाई,' ती म्हणाली. 'त्यो माझ्याकडं आला व्हता पळत. दोर मागाया. आमचं घर तितंच, कॅनॉलच्या कडंला. चऱ्हाट म्हशीला बांधल्यालं. मला गाठ सुटंना. दातानं सोडली म्या गाठ. आमी दोघं काठावर ग्येलो तवर पाणी नुसतं वाहत व्हतं. म्या त्याला म्हनलं, जा, मानसं आन. तवा त्यो दुसऱ्यांदा पळाला. लोकांनी बघितलं त्ये त्ये पळनं.'

मी विचारलं, काकू, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

ती नदीकडं बघत राहिली. 'बोलले असते तर सगळ्यांनी म्हनलं असतं, आईनं उशीर केला. गाठ माझ्याच हातची व्हती. लोकं दत्ताला बोलत व्हती, तवर मला कुनी बोलत न्हवतं.' मग ती म्हणाली, 'मला कुनी इचारलंबी न्हाय.'

तिला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही नाही, मी नाही. पडद्यावरची बंद दारं मोजणारे तुम्ही, आणि कॅनॉलच्या काठावर एकच घर, ते तुम्हाला दिसलं नाही. 'पाठ,' एवढाच शब्द दत्तानं तुम्हाला दिला. दोर आणायला पळणाऱ्या माणसाचीही पाठच दिसते, सर. त्या एका शब्दावर तुम्ही अख्खा माणूस रचलात. तो इतका चांगला रचलात, की त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

मला तुमच्यावर ओरडायचं होतं आणि तुम्ही समोर भात होऊन संपला होता. शैला पलीकडं बायांना वाटेला लावत होती. तिच्या आईच्या त्या फोनचं मी जे वाचलं ते तरी खरं होतं का, हे तिला विचारता आलं असतं. फोन कुणी केला होता, काय निरोप होता, काकू तेव्हा होत्या की गेल्या होत्या. मलाही ते सगळं गावानंच सांगितलेलं. ती दहा पावलांवर होती. मी गेले नाही. मला भीती वाटली. भीतीला दुसरं काही नाव द्यायचं नाही एवढं तुमच्याकडून शिकले आहे, म्हणून सरळ लिहिते.

दुपारी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत बसले आणि दत्ताला फोन लावला. मागं गोदामातला आवाज येत होता, कुणीतरी कन्नडमध्ये पोती मोजत होतं. तुमचं दहावं झाल्याचं मी त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला. मग मी म्हणाले, हिराकाकू भेटल्या होत्या, त्यांनी मला दोराचं सांगितलं.

पोती मोजणारा आवाज लांब गेला, तो गोदामाच्या बाहेर आला असावा.

'व्हय,' तो म्हणाला.

'मग सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस, दत्ता?'

'त्यांनी पाठ का तोंड एवढंच इचारलं. पाठच व्हती की.'

'पण त्यानंतर? मला तरी सांगायचंस. बावीस वर्षं झाली.'

तो चिडला नाही. त्याचा आवाज अजून तसाच मऊ आहे, सर.

'ताई, सर लई चांगलं समजावून सांगत व्हते गं,' तो म्हणाला. 'सगळी गप ऐकत व्हती. तू बी मान हलवत व्हतीस. मला वाटलं, माझ्याच ध्यानात नीट ऱ्हायलं नसंल. पळालोच असंन मी.'